पाच जीबीचं टेबल एक जीबीचं दिसतं: कास्ट कुठे घालायचा आणि त्यापुढे काय काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका ओपन सोर्स एक्स्टेन्शनमध्ये (वरून जोडायच्या मॉड्यूलमध्ये) टेबलाचा आकार बाइट्समध्ये सांगणारं एक सी फंक्शन आहे. छोट्या टेबलांना ते बरोबर चालतं. ३ जीबीच्या टेबलाला मात्र उणे आकडा आला आणि ५ जीबीच्या टेबलाला १ जीबी. तुम्ही सी मधलं ३२ बिटांचं व्हेरिएबल ६४ बिटांचं केलं, गुणाकाराला बाहेरून ६४-बिटी कास्ट (किंमतीचा टाइप बदलण्याची सूचना) लावला, एसक्यूएलमधला रिटर्न टाइप ३२-बिटी इंटिजरचा ६४-बिटी बिगइंट केला. मग डीबग लॉगच्या ओळीवर कंपायलरने फॉरमॅटची वॉर्निंग दिली, ती इंटचा कास्ट घालून घालवली. आता ३ जीबी बरोबर येतंय, ५ जीबी अजून १ जीबीच. आणि मेंटेनरने (एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्याने) पॅच दोन वाक्यांत परत पाठवलाय: कास्ट चुकीच्या जागी आहे, आणि ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती बसवलेली आहे त्यांचं काय?

तुम्ही विचारलंय, "कास्ट नक्की कुठे घालू?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं आणि खाली देतोच. पण तेवढं करून पॅच पाठवलात तर तो बहुधा पुन्हा परत येईल. टाइप न जुळण्याचा बग एका ओळीत क्वचितच राहतो. एखादी किंमत जिथे जन्मते तिथपासून वापरणाऱ्याच्या स्क्रीनपर्यंत ती ज्या ज्या टाइपमधून जाते, त्या सगळ्या वाटेचा हा प्रश्न असतो. मेंटेनरचा दुसरा मुद्दा त्याच वाटेच्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे.

कोड उघडण्याआधी चुकीचा आकडा नीट वाचा. या जातीच्या बगमध्ये अर्धं निदान तिथेच होतं. ५ जीबी म्हणजे ५३६८७०९१२० बाइट्स. तुमचं फंक्शन दाखवतं १०७३७४१८२४. फरक येतो ४२९४९६७२९६, म्हणजे बरोबर २ चा ३२ वा घात. एकही बाइट इकडे तिकडे नाही. असा फरक दिसला की डिस्क, कॅशे, व्हॅक्यूम यांच्यावर संशय घेण्यात वेळ घालवू नका. किंमत कुठेतरी ३२ बिटांत कापली गेली आहे. ३ जीबीचा तुमचा पहिला उणे आकडाही तपासून पाहा, तो -१०७३७४१८२४ असणार, कारण ३२२१२२५४७२ मधून तोच २ चा ३२ वा घात वजा झाला आहे. उणे आकडा आला म्हणजे त्या वाटेवर चिन्ह असलेला ३२-बिटी टाइप होता. आता तो गेला, म्हणून ३ जीबी सुधारलं. ५ जीबी सुधारलं नाही, याचा अर्थ वाटेत चिन्ह नसलेला ३२-बिटी टाइप अजून शिल्लक आहे. तुमचे बदल अर्धे बरोबर होते, हे यावरून कळतं.

तो शिल्लक टाइप गुणाकारातच आहे. पोस्टग्रेस टेबल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये, साठवतं. ब्लॉकची संख्या देणारं सर्व्हरचं फंक्शन ब्लॉकनंबर हा टाइप परत करतं आणि तो चिन्ह नसलेला ३२-बिटी पूर्णांक आहे. त्याला ज्याने गुणायचं तो ब्लॉकचा आकार, साधारणपणे ८१९२, हा साधा इंट. सी भाषेत गुणाकार किती बिटांत करायचा हे त्या दोन संख्यांच्या टाइपवरून ठरतं. उत्तर कुठल्या व्हेरिएबलमध्ये जाणार आहे याकडे भाषा त्या क्षणी बघतसुद्धा नाही. ६५५३६० ब्लॉक गुणिले ८१९२ हा हिशेब ३२ बिटांत झाला, वरचा भाग गळून पडला, आणि उरलेले १०७३७४१८२४ तुमच्या ऐसपैस ६४-बिटी व्हेरिएबलमध्ये जाऊन बसले. तुमचा कास्ट अख्ख्या गुणाकाराला कंस करून बाहेर लावलेला आहे. पाणी सांडून गेल्यावर खाली बादली ठेवावी तसं ते झालं. कास्ट ब्लॉकच्या संख्येला लावा, गुणाकाराच्या आधी, कंसाच्या आत. दोनपैकी एक संख्या ६४-बिटी झाली की दुसरी आपोआप रुंद होते आणि गुणाकार ६४ बिटांत होतो. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच.

कंपायलरने हे का सांगितलं नाही, असं तुम्ही शेवटी विचारलंय. चिन्ह नसलेल्या पूर्णांकाचं असं गुंडाळलं जाणं सी भाषेच्या नियमात बसतं, त्याला ती चूक मानत नाही. चिन्ह असलेल्यांच्या बाबतीत भाषा ते अनिश्चित मानते, पण पोस्टग्रेस जीसीसी आणि क्लँग या कंपायलरवर एफ-रॅप-व्ही हा पर्याय लावून बिल्ड होतं, म्हणजे तिथेही किंमत मुकाट गुंडाळली जाते आणि ओव्हरफ्लो (किंमत टाइपमध्ये न मावणं) पकडणारं सॅनिटायझर हे तपासणीचं साधनही गप्प राहतं. रूपांतराच्या वॉर्निंग चालू केल्या तरी ३२ वरून ६४ वर जाणं हे रुंदीकरण आहे, त्यात काही हरवत नाही असं कंपायलरला वाटतं. हरवायचं ते आधीच हरवलेलं असतं. क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनात 'गुणाकाराच्या उत्तराचं मागाहून रुंदीकरण' शोधणारी खास तपासणी आहे. मी ती अख्ख्या कोडवर लावत नाही, बदललेल्या फाइलपुरती लावतो. नाहीतर इतका कचरा येतो की कामाची ओळ त्यात बुडते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असाच प्रकार डावीकडे बिट सरकवण्याच्या बाबतीत पकडतो: साधा १ घेऊन ३२ बिटांत शिफ्ट करायचा आणि उत्तर ६४-बिटी मास्कमध्ये ठेवायचं. तुमच्या एक्स्टेन्शनमध्ये बिटमास्क असतील तर तेही एकदा बघून घ्या.

आता वाट चालू. मी रिव्ह्यूला बसलो की कागदावर त्या एका किंमतीचा प्रवास लिहितो: कुठे जन्मली, कुठल्या व्हेरिएबलमध्ये गेली, कशाशी तुलना झाली, कुठे छापली, एसक्यूएलच्या हद्दीत कशी शिरली. प्रत्येक थांब्यापुढे टाइप आणि तिथे येऊ शकणारी सगळ्यात मोठी किंमत. तुमच्या बाबतीत ती मोठी किंमत सांगता येते. ब्लॉक क्रमांक जास्तीत जास्त ४२९४९६७२९४ असू शकतो, ८ केबीच्या ब्लॉकला टेबलाची मर्यादा ३२ टीबी येते. ब्लॉक ३२ केबीचा ठेवून बिल्ड केलं तरी आकडा २ च्या ४७ व्या घाताच्या आत राहतो. म्हणून ६४-बिटी पूर्णांक पुरतो आणि ओव्हरफ्लोची वेगळी तपासणी इथे नको. गुणक वापरणाऱ्याकडून येत असता तर मी पोस्टग्रेसमधली ओव्हरफ्लो तपासून गुणाकार करणारी तयार फंक्शन्स वापरा म्हटलं असतं. ती आवृत्ती ११ पासून उपलब्ध आहेत.

वाटेवरचा एक थांबा लोकांच्या हमखास नजरेतून सुटतो: तुलना. 'अवैध ब्लॉक' दाखवण्यासाठी पोस्टग्रेस ४२९४९६७२९५ ही किंमत वापरतं, म्हणजे ३२ च्या ३२ बिट एक. कुणी ब्लॉक क्रमांक साध्या इंटमध्ये ठेवून 'नाही' या अर्थाने -१ भरला असेल, तर त्याची अवैध ब्लॉकशी तुलना ३२ बिटांत बरोबर जुळते, कारण तुलनेच्या वेळी -१ चं रूपांतर चिन्ह नसलेल्या टाइपमध्ये होतं. तुम्ही ते व्हेरिएबल ६४-बिटी केलंत की एका बाजूला खरोखरचा उणे एक येतो आणि दुसऱ्या बाजूला चार अब्जांच्या वरची संख्या. तुलना कायमची खोटी होते. म्हणजे एक बग काढताना दुसरा पेरला गेला, आणि तोही अशा ओळीवर जी तुमच्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसणारच नाही. टाइप बदललेल्या प्रत्येक व्हेरिएबलच्या सगळ्या तुलना शोधून बघा, याला पर्याय नाही.

लॉगची ओळ. तिथे इंटचा कास्ट घालून तुम्ही वॉर्निंग घालवलीत, पण किंमत पुन्हा ३२ बिटांत कापलीत. फंक्शन सुधारेल आणि लॉग जुनाच आकडा दाखवत राहील. सहा महिन्यांनी कुणीतरी तो लॉग पाहून नसलेला बग शोधत बसेल. पर्सेंट-डी च्या जागी पर्सेंट-एल-डी हाही इलाज नव्हे: ६४-बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४-बिटी विंडोजवर ३२ बिटांचा. किंमत लाँग लाँगमध्ये कास्ट करून दोन एल असलेला फॉरमॅट वापरा, तो दोन्हीकडे चालतो. पोस्टग्रेसचा ६४-बिटी फॉरमॅटचा मॅक्रो डीबग ओळींना चालेल, पण भाषांतर होणाऱ्या संदेशांत तो घालू नका. भाषांतराचं टूल मॅक्रोपाशी तुटलेलं वाक्य नीट उचलत नाही.

एसक्यूएलची हद्द हा सगळ्यात नाजूक भाग. सी फंक्शन आणि त्याची एसक्यूएलमधली घोषणा यांना जोडणारा धागा म्हणजे फक्त फंक्शनचं नाव. सी कंपायलरला एसक्यूएल दिसत नाही आणि सर्व्हर सी मधले टाइप तपासू शकत नाही. मध्ये फक्त डेटम, म्हणजे कुठल्याही टाइपची किंमत वाहून नेणारा सामाईक डबा, धावतो, आणि डेटमवर आपण काय आहोत याची कसलीच खूण नसते. घोषणा बिगइंट आणि सी मध्ये ३२-बिटी रिटर्न मॅक्रो असं राहिलं, तर ६४-बिटी मशीनवर किंमत चिन्हासकट ताणली जाते आणि छोट्या आकड्यांना सगळं छान चालतं. तोच कोड १८ पर्यंतच्या आवृत्त्यांच्या ३२-बिटी बिल्डवर गेला की बिगइंट तिथे पॉइंटरने पाठवला जातो, सर्व्हर तुमच्या आकड्यालाच मेमरीचा पत्ता समजतो आणि बॅकएंड (त्या कनेक्शनची सर्व्हर प्रोसेस) कोसळतो. आवृत्ती १६ पासून डेटमची रूपांतरं मॅक्रोंऐवजी इनलाइन फंक्शन्स झाली, त्यामुळे पॉइंटरच्या जागी डेटम दिला अशा काही चुका आता कंपायलर पकडतो. ३२ च्या जागी ६४ मात्र अजूनही मुकाट जातं. घोषणा आणि मॅक्रो शेजारी शेजारी उघडून एकेक आर्ग्युमेंट डोळ्यांनीच पडताळायला लागतं.

बिगइंट निवडलात ते योग्यच. पोस्टग्रेसच्या एसक्यूएलमध्ये चिन्ह नसलेला सर्वसाधारण पूर्णांक नाही, म्हणून ३२-बिटी ब्लॉक क्रमांकसुद्धा पूर्णपणे मावायचा तर बिगइंटच लागतो. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या पेजइन्स्पेक्ट या एक्स्टेन्शनमध्ये हाच घोळ बराच काळ होता: ब्लॉक क्रमांकाची आर्ग्युमेंट्स इंटिजर होती, म्हणजे १६ टीबीच्या पलीकडच्या ब्लॉकचा क्रमांक नीट देताच येत नव्हता. आवृत्ती १४ बरोबर आलेल्या पेजइन्स्पेक्ट १.९ मध्ये ती बिगइंट झाली. तो बदल जरूर वाचा, कारण मेंटेनरच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात करून दाखवलेलं आहे.

तो दुसरा प्रश्न असा. एक्स्टेन्शनची लायब्ररी फाइल पॅकेज अपग्रेडबरोबर बदलते, पण डेटाबेसमधली एसक्यूएल घोषणा बदलते ती डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) 'अल्टर एक्स्टेन्शन अपडेट' चालवल्यावर. मध्ये दिवस जातात, कित्येक ठिकाणी वर्षं. तेवढा काळ जुनी घोषणा नव्या सी कोडला हाक मारत असते. जुनी घोषणा म्हणते इंटिजर, नवा कोड परत करतो ६४-बिटी डेटम, आणि सर्व्हर त्यातला खालचा अर्धा भाग घेऊन मोकळा होतो. तुम्ही कोऱ्या डेटाबेसवर नव्याने बसवून तपासलंत, म्हणून हे तुमच्यासमोर आलंच नाही.

पेजइन्स्पेक्टने केलं ते असं: जुन्या नावाचं सी फंक्शन जुन्याच टाइपसह जागेवर ठेवलं, आणि नावाच्या शेवटी एक-नऊ जोडलेलं नवं फंक्शन आणलं. दोन्ही आतून एकाच कामाच्या फंक्शनकडे जातात. नवी घोषणा नव्या नावाकडे बोट दाखवते, जुनी जुन्याकडेच राहते. ब्लॉक क्रमांक उणे किंवा मर्यादेबाहेर असेल तर स्पष्ट एररही तिथे आली. तुमच्या जुन्या फंक्शनमध्ये मी एक गोष्ट आणखी करेन: आकार इंटिजरमध्ये मावत नसेल तर चुकीचा आकडा परत न करता एरर द्या आणि हिंटमध्ये एक्स्टेन्शन अपडेट करायला सांगा. यावर मतभेद असू शकतात. मॉनिटरिंगचे स्क्रिप्ट एररने थांबतील अशी तक्रार येईल. तरीही डिस्क भरत चालली असताना उणे किंवा लहान आकडा दाखवणारं फंक्शन मला जास्त धोक्याचं वाटतं. अंतिम निर्णय मेंटेनरचा, पण प्रस्ताव तुम्ही मांडा.

अपडेट स्क्रिप्टमध्ये 'क्रिएट ऑर रिप्लेस' चालणार नाही, पोस्टग्रेस असलेल्या फंक्शनचा रिटर्न टाइप बदलू देत नाही. ड्रॉप करून पुन्हा क्रिएट करावं लागतं, आणि त्यात दोन खड्डे आहेत. वापरणाऱ्यांनी त्या फंक्शनवर व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी) बांधले असतील तर ड्रॉप अडेल; तेव्हा कास्केड (अवलंबून असलेलं सगळं सोबत पुसण्याचा पर्याय) लावायचा मोह होतो. लावू नका. दुसऱ्याचे व्ह्यू आपल्या अपडेटने गुपचूप पुसले जातील. अडू दे, आणि रिलीज नोटमध्ये काय करायचं ते लिहा. दुसरा खड्डा परवानग्यांचा: ड्रॉपबरोबर त्या फंक्शनवरचे ग्रँट आणि रिव्होक जातात, आणि नव्या फंक्शनला पब्लिकसाठी, म्हणजे सगळ्यांसाठी, एक्झिक्यूटची परवानगी आपोआप मिळते. मूळ स्क्रिप्टने पब्लिककडून ती काढून घेतली असेल, तर तो रिव्होक अपडेट स्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहा. बग सुधारताना सुरक्षेचं कुलूप उघडं राहिलेले पॅच मी पाहिले आहेत, आणि डिफ वाचून ते सहज लक्षात येत नाही, कारण तिथे चूक म्हणजे न लिहिलेली ओळ असते.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेलं काही सांगायलाच हवं. एक्स्टेन्शन अजून १.० लाही पोचलेलं नसेल आणि वापरणारे मोजके असतील, तर जुनं फंक्शन सांभाळत बसणं मेंटेनरला नको असू शकतं; विचारून घ्या. आणि हाच बग एक्स्टेन्शनऐवजी पोस्टग्रेसच्या गाभ्यात असता तर नियम आणखी कडक झाले असते. छोट्या रिलीजमध्ये कॅटलॉग (पोस्टग्रेसची अंतर्गत नोंदींची टेबलं) बदलता येत नाही, आणि हेडरमधल्या स्ट्रक्टच्या फील्डचा टाइप रुंद केला तर पुढच्या सगळ्या फील्ड्सच्या जागा सरकून आधी कंपाइल झालेली एक्स्टेन्शन्स मोडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ आणि सोबतच्या रिलीजमध्ये एका स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढल्याने त्याचा आकार वाढला आणि काही एक्स्टेन्शन्सना त्याचा फटका बसला. आठवड्याभरात १७.२ काढावी लागली. म्हणून गाभ्यातले असे बदल पुष्कळदा पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबतात. पंक्ती मोजणारे काउंटर ३२ बिटांवरून ६४ वर गेले तेसुद्धा ९.६ या मोठ्या आवृत्तीत, २०१६ मध्ये.

आता तपासणी. ५ जीबीचं टेबल बनवायला खरा डेटा शोधायची गरज नाही. एक टेक्स्ट कॉलम असलेलं अनलॉग्ड टेबल घ्या, फिलफॅक्टर १० ठेवा, आणि जनरेट-सिरीजने प्रत्येकी ५०० अक्षरांच्या ६५५३६० पंक्ती भरा. फिलफॅक्टर १० असला की ब्लॉकचा नव्वद टक्के भाग राखीव राहतो, दुसरी पंक्ती त्याच ब्लॉकमध्ये बसत नाही, आणि एका पंक्तीला एक ब्लॉक मिळतो. ५०० अक्षरं टोस्टच्या (मोठ्या किंमती कॉम्प्रेस करून किंवा वेगळ्या साठवणाऱ्या यंत्रणेच्या) मर्यादेच्या बरीच खाली असल्याने कॉम्प्रेशनही आड येत नाही. एरवी साधारण साडेतीनशे एमबीत मावला असता तो डेटा ५ जीबी व्यापतो. मग तुमच्या फंक्शनचं उत्तर पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिलेशन-साइझ फंक्शनशी ताडून पाहा आणि डेटा डिरेक्टरीत त्या टेबलाचे एकेक जीबीचे तुकडे मोजा. दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या की वाद उरत नाही. २ जीबी, ३ जीबी आणि ४ जीबीच्या जरा वर, असे तीनही आकडे नोंदवा, कारण २ जीबीची सीमा चिन्ह असलेल्या आणि ४ जीबीची चिन्ह नसलेल्या ३२-बिटी टाइपची चूक उघडी करते. ५ जीबीची टेस्ट कुठलाही मेंटेनर नेहमीच्या टेस्टमध्ये घेणार नाही. त्यासाठी ब्लॉकपासून बाइट्स काढणारा हिशेब छोट्या फंक्शनमध्ये वेगळा काढा आणि त्याला थेट ६५५३६० देऊन तपासा. दुसरी टेस्ट: एक्स्टेन्शनची जुनी आवृत्ती बसवायची, फंक्शन चालवायचं, अपडेट करायचं, पुन्हा चालवायचं. पेजइन्स्पेक्टमध्ये जुन्या आवृत्त्यांची अशी टेस्ट फाइल आहे, तिचा साचा वापरा.

थोडक्यात क्रम असा लावा: गुणाकाराच्या आत कास्ट, तुलनांची पाहणी, लॉगचा फॉरमॅट, जुन्या सी फंक्शनसह नवं फंक्शन, परवानग्यांसकट अपडेट स्क्रिप्ट, दोन टेस्ट. गुणाकाराचा कमिट वेगळा ठेवा आणि एसक्यूएल घोषणेचा वेगळा, म्हणजे मेंटेनरला पहिला लगेच घेता येईल आणि दुसऱ्यावर सावकाश चर्चा करता येईल. कमिट संदेशात 'टाइप मिसमॅच सुधारला' एवढंच लिहू नका. कुठल्या आकारापासून उत्तर चुकत होतं, का चुकत होतं, आणि जुनी घोषणा असलेल्या डेटाबेसवर आता काय होईल, हे तीन वाक्यांत लिहा. त्यांनी परत पाठवताना जे दोन प्रश्न विचारले त्यांची उत्तरं त्यातच येतील. पॅच तयार झाला की डिफ इथे टाका, तुलनांचा भाग मी बघून देतो.